वीरकाव्यात नायक मरतो तो का?

प्रश्न : पोवाडे ऐकत मोठा झालो. अलीकडे ‘इलियड’ वाचले आणि चकित झालो. ट्रॉय पडल्याचा प्रसंग त्यात नाहीच! तानाजीच्या पोवाड्यात गड मिळतो, पण तानाजी जातो. पानिपतावरही पोवाडे आहेत. वीरकाव्य म्हणजे विजयाचे गाणे असायला हवे ना? मग त्यात मृत्यू आणि पराभव एवढे का?

उत्तर : तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवले आहे. युरोपात पाहिले तरी हेच दिसते. फ्रेंचांचे ‘रोलांचे गीत’, इंग्रजांचे ‘माल्डनची लढाई’, सर्बांची कोसोवोच्या 1389 च्या रणाची गाणी, या सगळ्यांत नायक रणात पडतो.

नुसता विजय मिरवायचा तर राजांकडे दुसरी साधने होती : शिलालेख, प्रशस्ती, पदरी ठेवलेले कवी. ऑक्सफर्डचे अभ्यासक सी. एम. बाउरा यांनी 1952 साली प्रसिद्ध केलेल्या वीरकाव्यावरील ग्रंथात या प्रकाराला प्रशस्तीपासून आणि शोकगीतापासून मुद्दाम वेगळे काढले आहे. प्रशस्ती राजाची थोरवी गाते, शोकगीत गेलेल्यासाठी रडते. वीरकाव्य गोष्ट सांगते. गोष्ट म्हटली की तिला पेच लागतो, आणि माणसाचा खरा कस लागतो तो मागे फिरण्याची वाट मोकळी असताना. ‘इलियड’च्या नायकाला, अकिलीसला, त्याच्या आईने दोन्ही भविष्ये सांगून ठेवली आहेत : ट्रॉयला लढत राहिलास तर आयुष्य थोडे, कीर्ती अमर, घरी परतलास तर दीर्घायुष्य, पण नाव राहणार नाही. हे ठाऊक असल्यामुळेच त्याच्या प्रत्येक पावलाला वजन येते.

रोलांची गोष्ट याहून बोलकी आहे. 778 साली शार्लमेन राजा स्पेनमधून परतत असताना पिरेनीजच्या डोंगरात त्याच्या सैन्याची पिछाडी कापली गेली. राजाचा चरित्रकार आइनहार्ड हल्लेखोर बास्क होते असे सांगतो आणि मेलेल्यांत रोलांचे नाव देतो. हल्लेखोर पांगल्यामुळे सूडही घेता आला नाही. इतिहासाच्या दृष्टीने एवढीच नोंद. पण सुमारे तीन शतकांनी, 1100 च्या आसपास, त्यावर चार हजार ओळींचे काव्य उभे राहिले. त्यात बास्कांच्या जागी अफाट मुसलमानी फौज आली आणि राजाने सूडही घेतला. हे झाले कवीने काळाप्रमाणे केलेले बदल. मला मोलाचा वाटतो तो शिंगाचा प्रसंग. मित्र ऑलिव्हिए पुन्हा पुन्हा विनवतो की शिंग फुंक, राजा मागे वळेल. कमीपणा येईल म्हणून रोलां नाकारतो. सगळे साथी पडल्यात जमा झाल्यावर तो शिंग फुंकायला निघतो, तेव्हा ऑलिव्हिएच त्याला रागाने सुनावतो की ही माणसे तुझ्या हट्टापायी मेली. मग रोलां इतक्या जोराने फुंकतो की त्याच्या कानशिलाच्या शिरा फुटतात, आणि तो मरतो तो त्यामुळे, शत्रूच्या वाराने नव्हे. नायकाला त्याच्याच मित्राकडून दोष देववणारे काव्य खुशामतीचे असू शकत नाही.

माल्डनला 991 साली असेच घडले. इंग्रज सरदार बर्थनॉथ याने व्हायकिंगांना खाडी ओलांडून अलीकडे येऊ दिले आणि लढाई गमावली. हा त्याचा गर्व होता, असे कवी स्पष्ट म्हणतो. तरीही सरदार पडल्यावर जागा न सोडणाऱ्या त्याच्या माणसांविषयी तो अपार आदराने बोलतो.

आता आपल्याकडे येऊ. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात कोंढाण्याची मोहीम प्रतापगडावर सुरू होते. जिजाऊंच्या नजरेला दूरवर कोंढाणा पडतो. त्या शिवाजीराजांना बोलावून घेतात, फासे खेळतात आणि डाव जिंकून तो गडच मागतात. तिकडे तानाजीच्या घरी मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची घाई. लढाई 1670 च्या फेब्रुवारीतली. पण शाहीर श्रोत्यांना आधी लग्नघरात नेतो, अक्षतांच्या तयारीत बसवतो आणि तिथून उठवून कड्याखाली उभे करतो. तानाजी काय मागे ठेवून निघाला, हे डफाच्या पहिल्या थापांबरोबरच ऐकणाऱ्याला कळते. झीलकऱ्यांनी साथ धरली की पुढचे सगळे त्याच भाराने ऐकले जाते.

पानिपताचे कारण थोडे निराळे आहे. 14 जानेवारी 1761 नंतर घरोघर कोणी ना कोणी परतले नव्हते, आणि सदाशिवरावभाऊ खरोखर गेले की नाहीत हा संशयही कित्येक वर्षे निवळला नाही. म्हणून तर तोतया उभा राहू शकला. अशा वेळी लोकांना नावे ऐकायची असतात : कोण कुठे उभा होता, कोण कसा पडला. ज्यांना परत आणता आले नाही त्यांची नावे तरी चारचौघांत उच्चारली जावीत, ही गरज शाहीर भागवतो. गावोगावचे वीरगळ याच गरजेतून उभे राहिले. वीरगळावर बहुधा खाली लढाई आणि मरण, मधे अप्सरा वीराला वर नेत आहेत, आणि सर्वांत वर तो शिवलिंगापाशी, असा क्रम असतो. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. जाऊन जरूर पाहा.

मात्र यावरून नियम करू नका. अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्यात नायक जिवंत राहतो आणि जिंकतोही. खर्ड्याच्या 1795 च्या विजयावरही पोवाडे झाले. माझ्या मते अफझलखानाचा पोवाडा टिकला तोही विजयामुळे नव्हे. खानाच्या भेटीला जाणारा माणूस परत येईलच याची खात्री कोणाला नव्हती, आणि तीच धाकधूक श्रोत्याला धरून ठेवते.

‘इलियड’मध्ये ट्रॉय का पडत नाही, तेही यातच आले. होमरला अकिलीसचा राग सांगायचा आहे. शेवटच्या, चोविसाव्या सर्गात म्हातारा प्रायम राजा रात्री शत्रूच्या छावणीत येतो आणि आपल्या मुलाला, हेक्टरला, मारणाऱ्या हातांचे चुंबन घेऊन त्याचे प्रेत मागतो. अकिलीसला स्वतःचा म्हातारा बाप आठवतो, दोघे एकत्र रडतात आणि राग तिथे संपतो. मग हेक्टरचा, म्हणजे शत्रूच्या वीराचा, अंत्यविधी होतो आणि काव्य थांबते. ट्रॉय पाडणारा लाकडी घोडा त्यानंतरचा आहे, आणि या गोष्टीला त्याची गरज उरलेली नाही.

पुढे वाचायचे असेल तर अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली प्रसिद्ध केलेला पोवाड्यांचा संग्रह आणि य. न. केळकरांचे ‘ऐतिहासिक पोवाडे’ ग्रंथालयात मागा. विजयाचा एक आणि पराभवाचा एक, असे दोन पोवाडे एका बैठकीत मोठ्याने वाचा.