धुराच्या नळीचे गंजलेले बोल्ट

ट्रॅक्टरच्या इंजिनात डिझेल जळते. त्याचा धूर होतो. हा धूर इंजिनाच्या हेडमधून बाहेर पडतो आणि एका जाड बिडाच्या नळीत गोळा होतो. तेथून तो सायलेन्सरमध्ये जातो आणि वर हवेत निघून जातो. या बिडाच्या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. मिस्त्री लोक हाच शब्द वापरतात, म्हणून आपणही तोच घेऊ.

मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये पातळ पॅकिंग असते. ते जळले की धूर मधूनच निसटू लागतो. सकाळी थंड इंजिन चालू केले की फट्‌ फट्‌ असा आवाज येतो. सांध्याजवळ काजळीचे काळे ओघळ दिसतात. असे दिसले तर चालढकल करू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवले तर माणूस त्याने बेशुद्ध पडतो, दगावतोही.

पॅकिंग तसे स्वस्त असते. पण ते बदलायचे तर मॅनिफोल्डचे बोल्ट काढावे लागतात. आणि खरी झटापट तेथेच होते.

हे बोल्ट इतके घट्ट का बसतात? नांगरटीच्या ओढीत मॅनिफोल्ड फार तापतो. पाणी १०० अंशांना उकळते. येथला धूर ४०० अंशांच्याही वर जातो. रात्री तेच लोखंड थंड पडते, त्यावर दव बसते. रोज तापणे, रोज निवणे. आट्यांत गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. आट्यांत मोकळी जागा ती किती असणार? मग गंज पाचर ठोकल्यासारखा बोल्टाला आवळून धरतो.

एका गावी आम्ही पाहिले ते सांगतो. मृगाचा पाऊस झाला होता. वाफसा आला होता. पेरणी तोंडावर, आणि ट्रॅक्टर फटफटत होता. मालकाने पाना लावला, पान्यावर चार फुटी पाइप चढवला आणि दोघांनी मिळून जोर केला. बोल्ट सुटला नाही, तुटला. तोही हेडच्या तोंडाशी, चिमट्यात धरायलाही काही उरले नाही. हेड उतरवून तालुक्याला न्यावे लागले. तेवढ्या दिवसांत वाफसा गेला. शंभर-दीडशे रुपयांच्या पॅकिंगसाठी पेरणी लांबली. म्हणून म्हणतो, या कामात जोर शेवटी. आधी तेल, उष्णता आणि धीर.

काम आदल्या दिवशीच सुरू करावे. इंजिन कोमट असताना, म्हणजे हात लावता येईल इतके निवल्यावर, बोल्टाच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडा. नसेल तर पातळ तेल चालेल, पण गुण कमी. रात्री झोपताना पुन्हा सोडा, पहाटे पुन्हा. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल किंवा डिझेल कधीही ओतू नका. ते पेट घेते.

सकाळी पहिले काम बॅटरीचे. तिची उणे तार सोडून बाजूला बांधा. अडचणीच्या जागी लोखंडी पाना तारेला लागला तर ठिणगी उडते, आणि जवळच डिझेलच्या नळ्या असतात. मग बॉनेट काढा. हवेची नळी, सायलेन्सर, जे जे वाटेत येईल ते उतरवा. पुष्कळ ट्रॅक्टरांत मागचे एक-दोन बोल्ट टाकीच्या आणि स्टिअरिंगच्या अंगाला दडलेले असतात. तेथे हात जातो तर डोळा जात नाही, आणि डोळा जातो तर हात जात नाही. लोक येथे कंटाळतात आणि पाना तिरका लावतात. बोल्टाचे कोपरे झिजतात ते असेच. जागा मोकळी करण्यात एक तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नका.

दडलेला बोल्ट पाहायला दाढीचा आरसा फार कामाचा. पण आरशात उजवे ते डावे दिसते, हे ध्यानात ठेवा. बोल्टाच्या डोक्याकडे तोंड केले असता घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवले की तो सुटतो. आरशात पाहून भलतीकडे फिरवून आणखी आवळणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत.

पाना टोपीसारखा डोक्यावर बसणारा, सहा कोनी गोटीचा घ्यावा. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवरच दाब देते आणि गंजलेले डोके गोल करते. मापही तपासा. काही ट्रॅक्टरांना मिलिमीटरचे बोल्ट असतात, काहींना इंची. ११/१६ इंची पाना १७ मिलिमीटरच्या डोक्यावर बसतो खरा, पण सुमारे अर्धा मिलिमीटर ढिला राहतो. तेवढे कोपरे खायला पुरे.

आता डोक्यावर हातोडीने सरळ दोन-चार ठोके द्या. ठोक्याने गंजाची पकड तडकते. मग पाना लावून प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा, मग सोडण्याच्या. एकदम झटका नको. हाताला काय कळते ते पाहा. 'कट्‌' असा कोरडा आवाज झाला आणि पाना हलला तर गंज सुटला. पण आवाज नाही, आणि पाना रबरासारखा मऊ मऊ ओढला जातोय, तर थांबा! बोल्ट फिरत नाही, पिळला जातोय. आणखी थोडा जोर दिलात की तुटलाच. ही खूण ज्याला कळली त्याचे बोल्ट फारसे तुटत नाहीत.

सुटलेला बोल्टही भरभर काढू नका. पाव फेरा बाहेर, थोडा मागे, तेल, पुन्हा पाव फेरा. कुरकुर वाढली की मागे घ्या.

एवढ्यानेही हलला नाही तर उष्णता द्यावी. हे काम वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. त्याआधी डिझेलच्या नळ्या, तारा आणि सांडलेले तेल दूर करा. वाळूची बादली जवळ ठेवा. आंच बोल्टाला नको, त्याच्या भोवतालच्या बिडाला द्यायची. भोवतालचे लोखंड फुगले की भोक मोठे होते. मग तापल्या बोल्टाच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत शिरते. तापलेल्या बिडावर पाणी मात्र मारू नका, बीड तडकते.

आणि तुटलाच तर? बुडखा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करतात. वेल्डिंगची उष्णताही बुडखा ढिला करते, आणि नटाला पाना लावता येतो. पहिला नट निघून आला तर दुसरा लावावा. बुडखा आत असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून आधी बारीक, मग मोठे भोक पाडावे लागते. हे अनुभवी हाताचे काम. भोकात उलट्या आट्यांचा कडक खिळा घालून बुडखा काढतात, पण तो आत मोडला तर साधे ड्रिल त्याला भेदत नाही.

बसवताना जुने बोल्ट परत वापरू नयेत. नवे, कंपनीने सांगितलेलेच घ्यावेत. बाजारचा हलका बोल्ट दुसऱ्याच हंगामात गळा धरतो. आट्यांना तांब्याची पेस्ट बोटभर लावा. दोन्ही तोंडे घासून सपाट करा, नवे पॅकिंग लावा. सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा, मग मधल्यापासून कडेकडे थोडे थोडे आवळा. किती आवळायचे ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते. इंजिन तापवून पूर्ण निवू द्या, आणि पुस्तकात सांगितले असेल तर पुन्हा एकदा पाना लावून पाहा.