जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर केव्हां बदलावा?

विद्यार्थिमित्रांनो, विद्युद्घटाचा धडा शिकत असतां तुमच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत येतें कीं, परीक्षा संपल्यावर ह्या घटाचा आपणांस काय उपयोग? आज आम्ही तुम्हांस अशा एका घटाची ओळख करून देणार आहों कीं, जो तुमच्या घरच्या गाडीखालीं, धुराच्या नळींत तापत बसलेला असतो, आणि ज्याचें म्हणणें नीट ऐकून न घेतल्यामुळें अनेक कुटुंबांचा पैसा व्यर्थ जातो. त्यास ऑक्सिजन सेन्सर असें म्हणतात. पालकांनींही हा लेख वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण जुनी गाडी बाळगणाऱ्यास, हा सेन्सर बदलावा कीं न बदलावा, असा प्रश्न एकदां तरी पडल्यावांचून राहत नाहीं.

प्रथम त्याचें काम काय तें पाहूं. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. (वीस टक्के एथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास साडेतेरा किलोच्या आसपास पुरते.) हवा ह्याहून कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वाढतो; किंचित् अधिक झाली तर नायट्रोजनाचीं ऑक्साइडें वाढतात. धुराच्या नळींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें एक शोधनपात्र बसविलेलें असतें. त्यांतील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम ह्या धातूंच्या योगानें हे वायु पुष्कळ अंशीं निरुपद्रवी होतात. परंतु हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण योग्य प्रमाणाच्या अगदीं जवळ असेल तरच हें कार्य नीट घडतें. तें प्रमाण क्षणोक्षणीं राखणें हें इंजिनाच्या संगणकाचें काम, आणि जळून गेलेल्या धुरांत प्राणवायु उरला कीं नाहीं हें त्या संगणकास कळविणें हें आपल्या सेन्सरचें काम.

ह्या सेन्सरची रचना मोठी चातुर्याची आहे. शिंपी बोटांत घालतो त्या टोपणाच्या आकाराची, झिर्कोनिया नांवाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची एक टोपी. तिला आंतून व बाहेरून प्लॅटिनमचा पातळ सच्छिद्र लेप. टोपीच्या आंत स्वच्छ हवा, बाहेर धूर. ही टोपी ३०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापली म्हणजे प्राणवायूचे विद्युद्भारित कण तिच्यांतून जाऊं शकतात, आणि दोन्ही बाजूंच्या प्राणवायूंत तफावत जितकी मोठी तितका विद्युद्दाब अधिक उत्पन्न होतो. पेट्रोल जास्त झाल्यामुळें धुरांत प्राणवायु जवळजवळ उरलाच नाहीं, तर हा दाब सुमारें ०.९ व्होल्ट भरतो. प्राणवायु शिल्लक असला तर तो ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट ह्यांनीं सन १८८९ मध्यें मांडलेल्या समीकरणाचाच हा व्यवहारांतील उपयोग होय. बॉश कंपनीनें सन १९७६ मध्यें असे सेन्सर मोटारींसाठीं बनविण्यास आरंभ केला. आपल्या देशांत १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई ह्या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांस कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढें कार्बुरेटर मागें पडून पेट्रोल-इंजेक्शन आलें, तसा हा सेन्सरही सामान्य गृहस्थाच्या गाडींत येऊन बसला.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. सेन्सर झिजतो म्हणजे काय होतें? तो एकाएकीं मरतो असें क्वचितच. धुरांतील काजळी, इंजिनांत जळणाऱ्या तेलाची राख, आंत झिरपलेलें कूलंट, किंवा कोणीं निष्काळजीपणें वापरलेलें सिलिकॉनचें सीलंट, ह्यांचा थर त्या टोपीवर चढत जातो आणि सेन्सर मंद होतो. जी बातमी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत द्यावयाची ती तो रेंगाळत देऊं लागतो. म्हणून अंतराचा कांहीं अंदाज बांधून ठेवलेला आहे. अगदीं जुन्या, एक किंवा दोन तारांच्या, स्वतःचा तापक नसलेल्या सेन्सरचें आयुष्य साधारणतः ५० ते ८० हजार किलोमीटर. तापक असलेल्या, तीन किंवा चार तारांच्या सेन्सरचें सुमारें एक लाख. त्यानंतरच्या सुधारलेल्या जातीचें दीड लाखाच्या वर. गाडीच्या पुस्तिकेंत अंतर दिलें असेल तर तेंच प्रमाण मानावें. परंतु केवळ अंतर भरलें म्हणून, किंवा केवळ इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून, सेन्सर बदलणें आम्हांस पटत नाहीं. का पटत नाहीं तें आमच्याच अनुभवावरून सांगतों.

सन २०११ च्या आमच्या घरच्या गाडीवर तो दिवा लागला. एका कार्यशाळेंत यंत्र लावून पाहिलें असतां पी ०१७१ हा संकेत निघाला. त्याचा अर्थ, मिश्रणांत पेट्रोल कमी पडत आहे. तेथील मंडळींनीं लागलीच सेन्सर बदलला, व आम्हीं मुकाट्यानें कांहीं हजार रुपये मोजले. आठवा दिवस उजाडला तों दिवा पुन्हां हजर! मग आम्हीं गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं यंत्रास हातही लावला नाहीं. "गाडी रात्रभर येथेंच राहूं द्या," एवढेंच म्हणाले. सकाळीं थंड इंजिन चालू करून ते कान देऊन ऐकत राहिले, आणि सेन्सरच्या अलीकडे, धुराच्या नळीच्या सांध्यापाशीं, काजळीची एक काळी रेघ त्यांनीं आम्हांस दाखविली. सांध्याचें गॅसकेट फाटलें होतें. धुराच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणीं त्या फटींतून बाहेरची हवा आंत ओढली जाई. सेन्सरला तींतील प्राणवायु दिसे, आणि तो प्रामाणिकपणें तशी वर्दी देई. संगणक त्या वर्दीवर विसंबून पेट्रोल वाढवीत राही. सेन्सर खोटें बोलत नव्हता. त्याच्यापुढें आलेला धूरच भेसळीचा होता. गॅसकेट थोडक्या पैशांत बदललें, दिवा विझला, आणि काढून टाकलेला जुना सेन्सर तपासला तों तो अगदीं धड निघाला.

ह्यावरून संकेताचा खरा अर्थ लक्षांत यावा. संकेत हा साक्षीदाराचा जबाब आहे. साक्षीदारच अपराधी आहे असें त्यावरून ठरत नाहीं. म्हणून आधीं धुराच्या नळीचे सांधे, हवा आंत घेणाऱ्या रबरी नळ्या, सेन्सरच्या तारा व त्यांचा जोड हीं पाहावींत. तापकाच्या मंडलाविषयींचा पी ०१३५ सारखा संकेत असला तरी प्रथम फ्यूज व तारा तपासाव्या. त्या धड असतील तर मात्र सेन्सरचा तापक गेला असें समजावें, व तो सेन्सर बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं.

प्रत्यक्ष परीक्षा अशी. गाडी पंधरावीस मिनिटें चालवून इंजिन चांगलें तापवावें. मग मिनिटास अडीच हजारांच्या आसपास फेरे ठेवून, कन्व्हर्टरच्या अलीकडील सेन्सरचा विद्युद्दाब तपासणीयंत्राच्या पडद्यावर पाहावा. निरोगी सेन्सरचा आंकडा स्थिर राहत नाहीं, ०.४५ व्होल्टची मधली रेषा ओलांडून तो दर दहा सेकंदांत अनेकदां वर-खालीं होतो. ॲक्सिलरेटर झटकन् दाबतांच तो ०.८ च्या वर गेला पाहिजे, आणि सोडतांच ०.२ च्या खालीं उतरला पाहिजे. तो सावकाश डुलूं लागला, किंवा मध्येंच अडून बसला, आणि तारा व सांधे धड आहेत अशी खात्री झाली, तर मग एक दिवसही थांबूं नये. (पांच तारांचे नव्या तऱ्हेचे सेन्सर ह्या आंकड्यांनीं पारखतां येत नाहींत, ते जाणत्याकडेच न्यावे.)

'थांबूं नये' असें आम्ही इतक्या आग्रहानें म्हणतों त्यासही कारण आहे. आमच्या शेजारीं राहणाऱ्या एका गृहस्थांची गाडी सन २००४ ची. तिचा मूळचा सेन्सर एक लाख चाळीस हजार किलोमीटरपर्यंत तसाच होता. दिवा कधीं लागला नाहीं. कारण सेन्सर मंद झाला होता, मुका झाला नव्हता. गाडी लिटरला तीन किलोमीटर कमी जाऊं लागली, धुराच्या नळीचें तोंड आंतून काळें मखमलीसारखें झालें, तरी 'जुनी गाडी, चालायचेंच' म्हणून त्यांनीं एक वर्ष काढलें. शेवटीं पी.यू.सी.च्या तपासणींत गाडी नापास झाली. त्या काळच्या गाडीस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, आणि हिचा आंकडा त्याच्या दुपटीहून अधिक. नवा सेन्सर बसविला तरी आंकडा पुरता उतरेना. वर्षभर न जळलेलें पेट्रोल कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटत राहिल्यामुळें त्याची आंतली जाळी वितळून गेली होती. जो खर्च सेन्सरपुरताच व्हावयाचा तो त्याच्या कित्येक पटींनीं वाढला. आणि त्या वर्षांत रोज सकाळीं शाळेच्या फाटकापाशीं त्या गाडीच्या मागें उभ्या राहणाऱ्या मुलांनीं काय हुंगलें, त्याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं.

कन्व्हर्टरच्या पलीकडेही बहुधा एक सेन्सर असतो. तो केवळ निरीक्षक आहे. त्याचा आंकडा जवळजवळ स्थिर असावा. तोही पहिल्यासारखाच नाचूं लागला व पी ०४२० हा संकेत आला, तर बहुधा कन्व्हर्टर थकलेला असतो. निरीक्षकास बदलून कांहीं साधत नाहीं.

नवा सेन्सर घेतांना गाडीच्या बनावटीस नेमका जुळणारा घ्यावा. जुना काढतांना इंजिन कोमट असावें, म्हणजे आटे सुटतात. पण हात भाजूं नयेत इतकें निवलेलें असावें. नव्याच्या आट्यांस लावावयाची पेस्ट टोकास लागूं देऊं नये. बसविल्यावर संकेत पुसून, कांहीं दिवस गाडी चालवून, संगणक पेट्रोलांत किती टक्के भर घालतो तें पुन्हां पाहावें. तो आंकडा शून्याच्या दोन्ही बाजूंस दहाच्या आंत आला म्हणजे काम झालें. किलोमीटरचा आंकडा पुस्तिकेच्या आंतल्या पानावर पेन्सिलीनें टिपून ठेवावा.

आमच्या गाडीचा तो विनाकारण काढलेला सेन्सर आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेस दिला आहे. विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखालीं तो चिमट्यांत धरून, त्याचें टोक बर्नरच्या ज्योतींत तापवावें, आणि तारांस व्होल्टमीटर जोडावा. ज्योतींत प्राणवायु संपलेला असतो, म्हणून कांटा चढत चढत पाऊण व्होल्टच्या पलीकडे जातो. टोक ज्योतींतून बाहेर काढतांच तो एका सेकंदाच्या आंत खालीं येतो.