जादा उपचाराच्या कागदावर सही करण्याआधी

पोरी, अकोल्याला जायचं की संभाजीनगरला, ते तुमचं तुम्ही ठरवा. वाशीमहून दोन्हीकडे जाणारी जोडपी मी सिस्टर असताना पाहिली आहेत. आयव्हीएफ करायचं हेही तुमचं ठरलंय. मला बोलायचंय ते त्याच्यावर चढणाऱ्या जादा गोष्टींबद्दल. स्क्रॅचिंग, भ्रूणाची जनुकीय तपासणी, इंट्रालिपिडची सलाईन, पीआरपी, टाइम-लॅप्स. ही नावं कानावर येतात ती नेमकी मन हळवं असताना, एक सायकल फसल्यावर नाहीतर भ्रूण गर्भाशयात सोडायची वेळ, म्हणजे ट्रान्सफर, तोंडावर आल्यावर. तिथं खुर्चीत बसून हो म्हणू नकोस. ‘घरी बोलून सांगतो’ म्हण आणि ऊठ. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

विचारायचं ते एवढंच, पण नीट विचार. माझ्या वयाच्या, माझ्यासारखी अडचण असलेल्या शंभर जणींत हे केल्यानं किती जास्त बाळं घरी येतात? टेस्ट किती जणींची पॉझिटिव्ह येते, हे उत्तर पुरेसं नाही.

शेजारणीला अमुक इंजेक्शनानं गुण आला, असं कुणी सांगेल. सोयाबीनच्या बियाण्यासोबत दुकानदार टॉनिकची बाटली देतो आणि पीक साधलं की श्रेय बाटलीला जातं, तसं ते आहे. बाटलीवाचूनही पीक आलं असतं का, हे कळायला निम्मं रान तसंच ठेवून बघावं लागतं. स्क्रॅचिंगचं असंच बघितलं. पाच देशांतल्या १३६४ बायका, निम्म्यांचं गर्भाशयाचं अस्तर खरवडलं, निम्म्यांचं नाही. २०१९ला निकाल छापून आला. दोन्हीकडे शंभरात सव्वीस जणींना बाळ झालं. तोवर जगभर किती जणींनी ते दुखणं सोसलं असेल!

जनुकीय तपासणीचं थोडं वेगळं आहे. गर्भपाताचं प्रमाण तिनं कमी होऊ शकतं, आणि वारंवार गर्भ पडणाऱ्या बाईला ते मोठंच आहे. पण तपासणीनं भ्रूण सुधारत नाही, फक्त निवडता येतो. चीनमध्ये चांगले भ्रूण हाताशी असलेल्या १२१२ तरुण बायकांत तपासणी केलेल्या गटात शंभरी ७७ जणींना, तर न केलेल्या गटात जवळपास ८२ जणींना बाळ झालं. तू बत्तिशीची आहेस, म्हणून हा आकडा लक्षात ठेव. आणि या तपासणीच्या आडून कुणी मुलगा-मुलगीची गोष्ट काढली, तर त्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. तो गुन्हा आहे.

इक्सीला, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडण्याला, मात्र सरसकट नाही म्हणू नकोस. जावईबापूंच्या रिपोर्टात शुक्राणू फार कमी असतील तर तोच खरा उपचार. रिपोर्ट ठीक असेल, तर ते कशासाठी, हे विचार.

ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था, एचएफईए, अशा एकेका जादा उपचाराला हिरव्यापासून लालपर्यंत रंग देते. मोबाइलवर बघता येतं. इंग्रजी अडलं तर जावईबापूंना वाचायला सांग.

पैशाचं मी स्पष्टच सांगते. पहिल्या खेपेला यश येतंच असं नाही. पोत गहाण टाकून जादा गोष्टी घेतल्या आणि दुसऱ्या सायकलला हात रिकामे राहिले, हे मी पाहिलेलं सगळ्यांत वाईट दुःख. म्हणून पॅकेजमधली मूळ उपचाराची रक्कम आणि जादा रक्कम वेगवेगळी लिहून माग.

हे मागणं म्हणजे भांडण नव्हे. २०२१च्या एआरटी कायद्यानं यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च आणि धोके समजावून सांगणं क्लिनिकवर बंधनकारक केलंय. सही केलीस तरी भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घेता येते. न सांगितलेलं काही बिलात आलं, तर क्लिनिकच्याच तक्रार कक्षात लेखी दे आणि पोच घे.