दुसऱ्याच्या भिंतीवर पैसा लावण्याआधी

पोरी, पुण्याची नोकरी सोडून परभणीत स्वतःचं ऑफिस काढायचं तू ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. मोंढ्याकडची ती जुनी माडी तुझ्या मनात भरली आहे, हेही वहिनीनं सांगितलं. उंच छत, सागवानी तुळया, उघड्या विटांची भिंत, रस्त्याकडे खिडक्यांची रांग. मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत अशी ऑफिसं निघाली, मग आपल्या गावात का निघू नयेत? जरूर निघावीत. फक्त एक लक्षात ठेव. रंग, वायरिंग, फर्निचर, एसी यांवर जाणारा पैसा तुझा आणि भिंत दुसऱ्याची. ती भिंत तुझ्याकडे किती दिवस आणि कोणत्या हक्कानं राहणार, हे आधी बघायचं. दस्तलेखक म्हणून माझं आयुष्य याच कागदांत गेलं, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, माडी दाखवायला मालक संध्याकाळी बोलावतो. त्याला हो म्हण, पण उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता पुन्हा एकदा जा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांना टेकतो. वर पत्रे असतील तर त्या वेळी तिथं तासभर बसून काम करून बघ. माळवद असेल तर उन्हाचा त्रास कमी, पण पावसाळ्यात गळती आणि मातीच्या थराचं वजन हे दोन्ही प्रश्न असतात. तुळई टोकाला, भिंतीत शिरते तिथं, ओलीनं किंवा वाळवीनं खाल्ली आहे का ते सुताराला टोचून बघायला सांग. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर मालकाकडे संरचनात्मक स्थिरतेचं प्रमाणपत्र माग. यूपीएसच्या बॅटऱ्या आणि फायलींनी भरलेली कपाटं जुन्या तुळयांवर चढवायची तर इंजिनिअरची सही हवीच.

विजेचं मीटर कोणत्या वर्गातलं आहे ते बिलावर वाच. घरगुती मीटरवर ऑफिस चालवलं तर तो अनधिकृत वापर ठरतो, आणि विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे आकारणी दुप्पट दरानं होते. एसी बसवायचे तर मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. त्याचा अर्ज मालकाच्या नावानं जातो, म्हणून त्याची संमती करारातच लिहून घे. नळाला रोज पाणी येईल असं धरून चालू नकोस. खाली हौद आहे का आणि त्यात वाटा कुणाकुणाचा, हे विचार.

आता मुख्य गोष्ट. जो माणूस माडी देतो आहे, त्याला ती देण्याचा हक्क आहे का? परभणीत हा प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नये. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढ आणि तिच्यावर नावं किती आहेत ते बघ. वाड्यात भाऊ पाच आणि किराया घेणारा एकटा थोरला, असं आपल्याकडे घरोघर आहे. बाकीच्या चौघांच्या आणि बहिणींच्याही सह्या घे, नाहीतर थोरल्याच्या नावानं कुलमुखत्यारपत्र आहे का ते बघ. मग दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २ चा शोध घे. गेल्या तीस वर्षांतली नोंदवलेली विक्री आणि गहाणखत त्यात दिसतं. जागा बँकेकडे तारण असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र हवं, कारण कर्ज थकलं की बँक जागेचा ताबा घेते आणि आत कोण बसलंय याची तिला पर्वा नसते.

मराठवाड्यात आणखी एक गाठ असते. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. देवस्थान, दर्गा, मशीद यांच्या सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनी इथं पुष्कळ, आणि शहर वाढत गेलं तशी त्यांच्यावर बांधकामं झाली. मिळकत पत्रिकेवर किंवा जुन्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘इनाम’, ‘खिदमतमाश’, ‘वक्फ’ असा शब्द दिसला तर तिथंच थांब. वक्फ मिळकत एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं वक्फ मंडळाच्या मंजुरीविना देता येत नाही. देणारा माणूस कितीही सज्जन असला तरी जे त्याचं नाही ते तो तुला देऊ शकत नाही.

मोंढ्याकडच्या जुन्या इमारतींत तर माडी देणारा स्वतःच किरायेदार निघतो. वडिलांच्या काळापासून खालचं दुकान चालवतो, जुन्या दरानं किराया भरतो आणि वरचा मजला नव्या दरानं तुझ्यासारख्यांना देतो. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा भाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाला. या कायद्यात मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि ठेवला तर मूळ किरायेदाराला बाहेर काढायला तेवढं कारण पुरतं. त्याच्याबरोबर तुलाही उतरावं लागेल, फर्निचर तिथंच सोडून. म्हणून खऱ्या मालकाला गाठ, त्याची सही घे.

हे जुळलं की करार. लोक सांगतील, अकरा महिन्यांचा कर, पाचशेच्या बाँडवर लिही, नोटरी कर, झालं. ऐकू नकोस. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरू असो वा लीव्ह अँड लायसन्स, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. मुदत कितीही लहान असली तरी सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि ती टाळली तर त्याला शिक्षा आहे. पण ती त्यानं केली का हे बघायचं काम तुझं. खर्चही फार नाही. समज, किराया १५,००० रुपये, मुदत ३ वर्षं, परत मिळणारं डिपॉझिट १ लाख. तीन वर्षांचा किराया ५,४०,०००. डिपॉझिटवर दर साल १० टक्के व्याज धरतात, त्याचे ३०,०००. एकूण ५,७०,०००, आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे १,४२५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. लाखो रुपयांचं फर्निचर करणाऱ्यानं एवढ्यासाठी हात आखडू नये.

पण नुसती नोंदणी पुरत नाही. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची परवानगी. तिच्यानं जागेत हक्क तयार होत नाही. मालकानं इमारत विकली तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे नवा मालक त्या परवानगीला बांधील नसतो. मोंढ्याकडच्या जागांना भाव आहे आणि जुने वाडे पाडून संकुलं उभी राहताहेत, त्यामुळे ही भीती खरी आहे. दोन टेबलं आणि चार खुर्च्या टाकून बसायचं असेल तर लायसन्स चालेल. पण तू तुळया घासून-पॉलिश करून, नवीन जिना बसवून मोठा खर्च करणार असशील तर नोंदणीकृत भाडेपट्टा कर. त्याचं मुद्रांक शुल्क जास्त पडतं, पण तो जागेबरोबर चालतो, मालक बदलला तरी राहतो. मालक भाडेपट्ट्याला तयार नसेल तर खर्च निम्म्यावर आण. लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार न मोडण्याची अट, दोन्ही बाजूंनी बांधून घे. बहुतेक मसुद्यांत ते फक्त किरायेदाराला बांधतं, मालकाला मात्र महिन्याच्या नोटिशीवर मोकळं ठेवतं. अशा मसुद्यावर सही करू नकोस.

उंच छत बघून तू आत अर्धा मजला काढायचा विचार करते आहेस. घाई करू नकोस. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पोटमाळा म्हणजे सामान ठेवण्याची जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची जागा. तिथं माणसं बसवता येत नाहीत. माणसं बसतील असा मधला मजला काढायचा तर महापालिकेची परवानगी हवी. आणि भाडेकरूनं मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर त्याच कारणानं त्याला काढता येतं. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी यांना कायदा कायमचं बांधकाम मानत नाही. तेवढ्यात भागव. करार संपल्यावर काय काढून न्यायचं आणि काय ठेवायचं, याची यादी करारालाच जोड.

आगीचं बोलायला लोकांना अशुभ वाटतं, मी बोलतोच. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ माणसं गेली. त्या हॉटेलांनाही सजावट छानच होती. तुझ्या माडीला लाकडी जिना एकच असेल आणि खाली बारदाना, सरकी भरलेली असेल. खाली काय साठवतात ते पाहून ये. दुसरा जिना निघत नसेल, किंवा खालचा माणूस माल हलवायला तयार नसेल, तर ती जागा तुझ्यासाठी नाही. कितीही सुंदर असली तरी नाही. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरी त्याच जिन्यानं चढणार-उतरणार आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. किराया बँकेतूनच दे आणि पावती घे. पावती देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. पगडी किंवा डिपॉझिट घेणं १९९९ च्या कायद्यात मान्य आहे, पण दिलेला प्रत्येक रुपया दस्तात दिसला पाहिजे. अर्धे वर आणि अर्धे खालून असं म्हणणाऱ्याकडे जाऊच नकोस. क्षेत्र चटई क्षेत्रावर ठरव, टेप लावून स्वतः मोज. मालमत्ता कर कोण भरणार ते लिही आणि मागची थकबाकी शून्य असल्याची पावती घे, कारण थकबाकी राहिली तर वसुली जागा वापरणाऱ्यापर्यंत येऊ शकते. तुझी जीएसटी नोंदणी असेल आणि मालकाची नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून किरायावरचा १८ टक्के कर तुलाच थेट भरावा लागतो. कंपोझिशन योजनेत असलीस तर नाही. हिशेबात तो आधीच धर. पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर भाषेपेक्षा लहान नसलेल्या अक्षरात लाव. तो कायदाही आहे आणि आपलं गावही आहे.

येत्या सोमवारी मिळकत पत्रिका आणि सूची दोनचा शोध घेऊन माझ्याकडे ये. मालकानं दिलेला मसुदाही आण. तिन्ही कागद वाचून होईपर्यंत बयाणा देऊ नकोस, मालक कितीही घाई करो.