सुवर्णप्राशन : आधार कोठे शोधावा?

सुवर्णप्राशनासाठी आपण काश्यपसंहितेतील लेहाध्यायाचा दाखला देतो. तो मूलाधार होय. परंतु सुरक्षितता व परिणाम यांकरिता संशोधनही तपासावे लागते. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'मध्ये चाचणीची आखणी कळते. मात्र नोंदणी म्हणजे निष्कर्ष नव्हे. निष्कर्षांसाठी 'पबमेड'वरील मूळ निबंध वाचावेत. त्यांत तुलनागट होता काय, बालके किती व कोणत्या वयाची होती, हे पाहावे. वजनवाढीचा दावा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वृद्धिमानकांशी ताडावा. उत्पादकाचे माहितीपत्रक हा पुरावा नव्हे, हे औषधविक्रेत्यांनीही ध्यानी घ्यावे. मधातील जीवाणुबीजांमुळे एक वर्षाखालील बालकास बॉट्युलिझम होऊ शकतो. म्हणून या वयात मधयुक्त प्राशन देऊ नये, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.