दुधावाचून दातांची जोपासना

इयत्ता पहिलीतील मुलांना तोंड उघडावयास सांगून खालच्या जबड्याकडे पाहिल्यास, मधल्या रेषेपासून सहाव्या जागी एक रुंद दाढ नुकतीच वर आलेली बहुधा दिसून येते. सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवणारी ही दाढ कायमची असते. तिच्या जागी पूर्वी दुधाचा दात नसल्यामुळे ती येताना काहीच पडत नाही. म्हणून घरची माणसे तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ असे म्हणून दुर्लक्ष होते. नवी कधीच येत नाही. पालकसभेत एवढी एकच गोष्ट नीट समजावून दिली तरी पुष्कळ काम होईल.

परंतु या दाढेचा पाया शाळेत येण्यापूर्वीच घातला गेलेला असतो. तिच्यात चुनखडीचे द्रव्य, म्हणजे कॅल्शियम, साठू लागते ते जन्माच्या सुमारास. आणि तिचा वरचा भाग तिसऱ्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत पुरा तयार होतो. तिच्या पुढच्या दोन उपदाढांचा माथा पाच ते सात, व बाराव्या वर्षी येणाऱ्या दाढेचा माथा सात-आठ वर्षांपर्यंत घडत असतो. मुळे व जबड्याचे हाड यांची वाढ त्यानंतरही चालूच राहते. तात्पर्य, अंगणवाडीपासून इयत्ता तिसरीपर्यंतच्या मुलाच्या ताटात काय पडते, त्यावर न दिसणाऱ्या दातांची घडण अवलंबून असते. एकदा उगवलेल्या दाताचे कवच मात्र खाल्लेल्या कॅल्शियमने मागाहून जाड होत नाही. तो दात सांभाळण्याचे उपाय वेगळे आहेत, ते पुढे येतील.

कॅल्शियम म्हटले की पाठ्यपुस्तकात दुधाचा पेला येतो. खान्देशातील अनेक घरांत गोठ्यातले दूध पहाटेच संकलन केंद्रावर जाते आणि मुलांच्या वाट्याला चहापुरते उरते. ज्या घरात जनावरच नाही तेथे तेवढेही नसते. अशा मुलांना ‘रोज दूध प्या’ हा धडा वाचून दाखविणे म्हणजे त्यांची थट्टा करण्यासारखे आहे. शिक्षकाने त्याऐवजी त्यांच्या घरच्या दुरडीत काय आहे ते पाहावे.

सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविले आहे. गाईच्या १०० ग्रॅम दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. आपल्या रोजच्या ज्वारी-बाजरीत मात्र १०० ग्रॅमला जेमतेम २५ ते ३०. केवळ भाकरी-ठेच्यावर ही गरज भागत नाही. साक्रीच्या डोंगरपट्ट्यात पिकणाऱ्या नागलीत हेच प्रमाण सुमारे ३६० आहे. मुलांना शहरी पाव-बिस्किटांची गोडी लागली की नागलीची काळसर भाकरी त्यांना गरिबीची खूण वाटू लागते. वर्गात तिची बाजू घेणारे कोणी तरी हवे. नागलीतील कॅल्शियम मुख्यत्वे सालीजवळ असते, म्हणून वस्त्रगाळ सत्त्वापेक्षा मोड आणून, वाळवून, न चाळता दळलेले पीठ अधिक उपयोगी. मोड आल्याने कॅल्शियम अडवून धरणारे द्रव्यही कमी होते. जळगावकडची कळण्याची भाकरीही येथे आठवावी. ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळले जातात, आणि उडदात ज्वारीच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम असते. मटकी, हरभरा व कुळीथ ही याहून सरस.

पालेभाज्यांविषयी थोडे सावध बोलावयास हवे. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. मेथीतही ते चांगले आहे. माठ व राजगिऱ्याच्या पाल्यात आकडा मोठा दिसतो. परंतु त्यांतील ऑक्झलेट नावाचे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून अंगी लागते ते कमी. पालकाची गत याहून वाईट. या भाज्या इतर गुणांसाठी खाव्यात, दातांसाठी त्यांच्यावर विसंबू नये. मासे खाणाऱ्या घरांत बारीक मासळी काट्यांसह खाल्ली जाते, ती उत्तमच. पानाचा चुना मुलांना चाटविण्याचा सल्ला कोणी देतात. तो तोंड भाजतो, शिक्षकाने त्यास दुजोरा देऊ नये.

तिळाचा प्रश्न मोठा गमतीचा आहे. अख्ख्या तिळात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम सापडते. त्याचा मोठा वाटा टरफलात असतो. पांढरे शुभ्र, सोललेले तीळ दिसावयास सुंदर, पण या कामी फोल. टरफलातील कॅल्शियमही काही अंशी ऑक्झलेटने बांधलेले असते, तेव्हा आकड्यावर भुलून जाऊ नये. तरीही रोज दोन चमचे तीळ हा गरिबाच्या घरचा मोठा आधार आहे. मात्र तो तिळगुळाच्या वडीतून घ्यावा की चटणीतून?

येथे दूरच्या एका अभ्यासाचा दाखला उपयोगी पडतो. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील संस्थेत दुसऱ्या महायुद्धानंतर साखर आणि दंतक्षय यांचा संबंध तपासला गेला. निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षा जेवणांच्या मधल्या वेळी खाल्लेले चिकट गोड पदार्थ दात फार अधिक किडवितात, असे त्यातून दिसले. (तो प्रयोग बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांवर, त्यांच्या संमतीवाचून झाला होता; आज तसे करणे कोणत्याही संस्थेस मान्य होणार नाही.) दातांच्या फटींत अडकलेल्या गुळातून तोंडातील जंतू आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल कवचातील कॅल्शियम विरघळविते. संक्रांतीचा तिळगूळ सणाला अवश्य खावा व नंतर चूळ भरावी. रोजच्यासाठी तिळाची चटणी किंवा भाकरीवर थापलेले तीळच बरे.

हे आम्लाचे काम मुलांना डोळ्यांनी दाखविता येते. अंड्याच्या कवचाचा तुकडा लिंबाच्या रसात टाकावा. थोड्याच वेळात त्यावर बुडबुडे येऊ लागतात आणि रस पुरेसा असल्यास व बदलत राहिल्यास तुकडा पातळ होत जातो. कवच व दात यांचे द्रव्य अगदी एकच नाही, कवच चुनखडीचे व दात कॅल्शियम-फॉस्फेटचा, हे वरच्या वर्गात सांगावे. पाचवीच्या मुलांना याच विषयावर गणित घालता येईल: ६० ग्रॅम नागलीचे पीठ, २० ग्रॅम अख्खे तीळ, ३० ग्रॅम शेवग्याचा पाला, बेरीज ५०० मिलिग्रॅमच्या पुढे जाते. उरलेले डाळी-कडधान्यांतून व पाण्यातून येते. खडकाळ भागातील जड पाण्यात कॅल्शियम असते, हे मुलांना नवल वाटेल.

कॅल्शियम शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते व ते उन्हातून मिळते, म्हणून मैदानी खेळाचा तास अभ्यासासाठी कापू नये. उगवलेल्या दातांसाठी रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने घासणे हाच भरवशाचा उपाय. मिश्रीचा डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

शाळेच्या परसबागेत वांगी-मिरची लावण्याचा उत्साह असतो. तेथे शेवग्यास एक कोपरा द्यावा. पावसाळ्याच्या आरंभी हातभर लांबीपेक्षा थोडी मोठी, जून फांदी रोवली तरी ती फुटते. झाड उंच वाढू न देता छाटत राहावे, म्हणजे कोवळा पाला हाताशी येतो. तो धुऊन, चिरून पोषण आहाराच्या आमटीत शेवटी टाकला की मुले कुरकुर न करता खातात. वाळवलेल्या पाल्याची पूड उन्हाळ्यात, भाज्या महाग होतात तेव्हा, पिठात मिसळता येते. पाला सावलीत वाळवावा.