पाया सांगून पॅच पाठव

अगं, लिनक्स कर्नलला पहिला पॅच पाठवायला निघाली आहेस, तर जरा थांब. तिथे पॅच अजूनही ईमेलनेच जातात, आणि पुष्कळदा माणसाआधी यंत्रच ते वाचतं. इंटेलचा कर्नल टेस्ट रोबो मेलमधून पॅच उचलतो, गिट ट्रीवर चढवतो आणि निरनिराळ्या आर्किटेक्चरसाठी बिल्ड करून बघतो.

कुठल्या ट्रीवर चढवायचा, हे तू सांगितलं नाहीस तर तो अंदाज बांधतो. अंदाज चुकला की पॅच बसत नाही, नाहीतर भलतीच एरर येते. म्हणून फॉरमॅट-पॅच चालवताना 'बेस' हा पर्याय देतच जा. मेलच्या तळाशी बेस-कमिटची एक ओळ येते, ४० अक्षरांचा हॅश. तुझा पॅच कशावर उभा आहे ते तेवढ्याने कळतं.

मग तो आधी स्वतःलाच मेल कर आणि आलेल्या मेलवरून गिट एएमने लावून बघ. काही मेल प्रोग्रॅम टॅबच्या जागी गुपचूप स्पेस घालतात, लांब ओळ मोडतात. तसा पॅच ना रोबोला लावता येतो, ना मेंटेनरला.

माझा एक पॅच लॅपटॉपवर अगदी सुरळीत चालला होता. रोबोची मेल आली: ३२-बिट एआरएमवर लिंक होत नाही. मी ६४-बिट संख्येला सरळ भागाकाराच्या चिन्हाने भागलं होतं. ३२-बिटवर कंपायलर अशा भागाकारासाठी एक मदतनीस फंक्शन मागतो, आणि कर्नल ते मुद्दाम पुरवत नाही. तिथे डिव्ह_यू६४ वापरायचं असतं. एका ओळीची दुरुस्ती, पण ती मला घरीच सापडायला हवी होती. तेव्हापासून पाठवण्याआधी एक ३२-बिट बिल्ड करतोच. तूही कर.

रोबोची मेल आली तर घाबरू नकोस, पण वरवरही वाचू नकोस. त्यात कॉन्फिग मिळतो, तीच बिल्ड पुन्हा करायच्या कमांडही असतात. आधी त्या चालव, एरर स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मगच दुसरी आवृत्ती पाठव. काय बदललंस ते तीन डॅशच्या खाली लिही. रोबोच्या नावाचा 'रिपोर्टेड-बाय' मात्र त्यात घालू नकोस. चूक वेगळ्या पॅचने सुधारली तरच तो टॅग घालायचा, हे त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं.

आणि मेल आलीच नाही, म्हणून निर्धास्त होऊ नकोस. तुझा ड्रायव्हर ज्या बोर्डासाठी आहे, तो बोर्ड रोबोकडे असेलच असं नाही. तुझ्या टेबलावर आहे. त्यावर चालवून बघ, केबल काढून पुन्हा लाव, आणि डीमेसेज शेवटपर्यंत वाच.